प्रश्न तिसरा, दहा गुण

२० एप्रिल, सोमवार. सकाळी ११

द्वितीय वर्ष कला, मानवी भूगोल. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा आला. परीक्षेला ६१ मुलं होती, गठ्ठा ६६चा निघाला. ऑफिसला साधं मोजता येत नाही. सोडून दिलं.

गेल्या वर्षी तिघांनी माझ्या गुणांविरुद्ध अर्ज केले. म्हणून प्राचार्य मोहनराव सरांनी यंदा नवीन पद्धत काढली. प्रत्येक पेपर दोघांनी तपासायचा. गुण पेपरवर लिहायचे नाहीत, आपापल्या तक्त्यात लिहायचे. एकाने दुसऱ्याचा तक्ता बघायचा नाही. मी सकाळी बसणार, अनिता मॅडम दुपारी. मॅडम चार वर्षांपूर्वी लागल्या. मी सत्तावीस वर्षं या विभागात आहे, त्यातली अकरा विभागप्रमुख. म्हणजे परीक्षा खरी कुणाची, हे उघड आहे. सरांनी माझा मान राखून तसं बोलून दाखवलं नाही, एवढंच.

सर्क्युलर तीन पानी. पहिलं पान वाचलं, तिसऱ्यावर सही केली.

संकल्प: रोज फक्त बारा पेपर. आधी सगळ्यांचा प्रश्न पहिला, मग सगळ्यांचा दुसरा, म्हणजे एकाच मापाने मोजता येतं. मोबाईल बंद. उपाशीपोटी तपासणी नाही. अक्षराकडे बघायचं नाही, फक्त मजकुराकडे.

२१ एप्रिल, मंगळवार

आज एकही पेपर झाला नाही. मॅडमनी हट्ट धरला की पाच पेपर आधी दोघांनी एकत्र वाचू, गुण कशाला द्यायचे ते ठरवू, मग सुरू करू. मी माझा साचा पुढे ठेवला. प्रश्न तिसरा, दहा गुण: स्थलांतराची कारणे व परिणाम उदाहरणांसह स्पष्ट करा. माझ्या नोट्समधले सहा मुद्दे, त्यांना सहा गुण. मांडणीला दोन, उदाहरणाला दोन. विषय संपला.

मॅडम म्हणाल्या, मुलाने आपल्या गावचं उदाहरण देऊन कारण आणि परिणाम नीट जोडला, तर मुद्द्याचं नाव न लिहिताही गुण द्यायला हवेत. मी म्हणालो, मग उद्या पोरं घरच्या गोष्टी लिहितील. त्या म्हणाल्या, सर, मानवी भूगोल आहे, घरच्याच गोष्टी असतात.

उद्धटपणा. नोंद करून ठेवतो. एकत्र वाचनाची गरज नाही असं सांगून टाकलं.

२३ एप्रिल, गुरुवार. दुपारी २

काल लग्नाची तिथी होती, दोन ठिकाणी जावं लागलं. म्हणून आज चोवीस.

प्रश्न पहिला नऊ जणांचा तपासला. मग गठ्ठा उलटसुलट व्हायला लागला, तेव्हा एकेक पेपर पूर्णच घेतला. अनुभवी माणसाला पद्धतीची एवढी गरज नसते. पहिल्या चार ओळींत पेपर कळतो.

साडेबाराला लाईट गेली. कूलर बंद. डबा घरी राहिलेला.

नंबर १४. अक्षर म्हणजे सांडलेल्या मुंग्या. स्थलांतराच्या उत्तरात मेंढ्या! दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणात उतरायचं, तिकडचा शेतकरी खतासाठी रानात मेंढ्या बसवून घेतो, पाऊस लागायच्या आत परत वर यायचं, मग कॅनॉल आला, चराऊ रान गेलं, उसाचं पीक आलं, म्हणून आजोबांनी कळप विकला. हेडिंग नाही, मुद्दे नाहीत. चार ओळी वाचल्या, बाकी नजर फिरवली. ३ गुण. पेपरची बेरीज तेरा. पास व्हायला चौदा लागतात. एक गुण वाढवावा का, असं क्षणभर मनात आलं. पण न्याय म्हणजे न्याय. तेराच ठेवले.

२४ एप्रिल, शुक्रवार

काहीतरी शिजतंय. ऑफिसात शिरलो की बोलणं थांबतं. परीक्षा विभागाचा शिपाई म्हस्कू तीस वर्षं कपाटाच्या किल्ल्या सांभाळतोय, कधी वर मान करून बोलत नाही. आज पेपर काढून देताना म्हणाला, "सर, सावकाश बघा. ह्या टायमाला तुमचं बी बघनार हायत."

कोण बघणार, विचारलं. म्हणाला, मला काय म्हायती, मी किल्लीवाला माणूस.

धमकी होती का? तसं वाटत नाही. पण खिडकीबाहेरचं सगळं मैदान रिकामं होतं, आणि तो निघून गेल्यावर खोलीत फार वेळ बसवेना. अकराच पेपर केले.

२५ एप्रिल, शनिवार

आजचा दिवस सोन्याचा. राजेश्वरीने सकाळी थालीपीठ केलं होतं. लाईट होती. वीस पेपर.

नंबर ५२ वाचून धन्य झालो. अक्षर टपोरं, समास सरळ, ओळीखाली ओळ. स्थलांतराचं उत्तर तर असं की विभागात लावून ठेवावं. मेंढपाळ कुटुंबाचं उदाहरण, कोकणातला मुक्काम, कॅनॉलमुळे गेलेली चराऊ रानं. कारण, परिणाम, बदल, सगळं एका धाग्यात. ८ गुण. एकूण अठरा. माझ्या शिकवण्याचा परिणाम कुठेतरी दिसतोच.

घरी पिंपळीला आल्यावर राजेश्वरीला सगळं उत्तर सांगितलं. ती शाळामास्तरीण, तिला गोडी आहे. ती भाजी निवडत म्हणाली, "अहो, परवा मेंढ्यांवरूनच चिडून आला होतात ना?"

हे माझ्या लक्षात कसं आलं नाही?

लक्षात आलं नाही असं नाही. आलंच असतं.

२७ एप्रिल, सोमवार

१४ आणि ५२ शेजारी ठेवले. शब्दन् शब्द तोच! "स्थलांतर"वरचा चुकीच्या जागी पडलेला अनुस्वारसुद्धा तोच. अक्षर मात्र वेगळं. सत्तावीस वर्षांत एवढी उघड कॉपी पाहिली नाही. आणि पकडली कुणी? दोन-दोन परीक्षक नेमून जे सापडलं नसतं, ते माझ्या एका नजरेने सापडलं.

मॅडमना सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "सर, प्राचार्य पुण्याला गेलेत, ते येईपर्यंत काही करू नका." मग सर्क्युलरबद्दल काही सांगायला लागल्या. मी म्हणालो, मला नियम शिकवू नका.

त्या मला थांबवतायत कशासाठी? यात त्यांचा हात?

(दोन्ही पेपरना मी वेगळे गुण दिलेत ही बाब किरकोळ आहे. मूळ आणि नक्कल यांत फरक राहणारच.)

२८ एप्रिल, मंगळवार. सकाळी १०:४०

पेपरवरची नावाची चिकटवलेली घडी उघडली. निकाल लागेपर्यंत ती उघडायची नसते, पण गुन्हा घडल्यावर नियम थांबतात. म्हस्कू दारात आडवा उभा राहिला. "सर, घडी उघडायची न्हाय. माज्या सहीवर हाय ती." मी म्हणालो, विभागप्रमुख मी आहे. तो बाजूला झाला. मग रजिस्टर काढून काहीतरी लिहिलं, तारीख टाकली, वेळ विचारली आणि तीही टाकली. माझ्याकडे बघितलं नाही.

नंबर १४: वैष्णवी, राहणार शेळगाव. गेल्या वर्षी हिने अर्ज केला होता का, बघायला पाहिजे.

नंबर ५२: आत नुसता बैठक क्रमांक. हजेरीत शोधला. नाही. प्रवेशाच्या यादीत नाही. मागच्या वर्षीच्या यादीत नाही.

असा विद्यार्थीच अस्तित्वात नाही.

जो माणूस कॉलेजात नाही, त्याने पेपर लिहिला, तो गठ्ठ्यात आला आणि मी त्याला अठरा गुण दिले.

स्टाफच्या ग्रुपवर टाकलं: "कॉपी रॅकेट उघड. शेळगावची एक विद्यार्थिनी व एक बोगस व्यक्ती. तपशील लवकरच." एक्केचाळीस जणांनी वाचलं. एकाचंही उत्तर नाही. धक्का बसला असणार.

२९ एप्रिल, बुधवार

प्राचार्यांचं पुण्याचं काम लांबलं, ते आता झेंडावंदनालाच येणार. पुरावा थांबत नाही, म्हणून मुलीला फोन करून बोलावलं. एसटीने आली. बरोबर आजी, बानूबाई. डोक्यावरून पदर, हातात काठी, खुर्ची दिली तरी भिंतीला टेकून उभी.

मुलीला मी ओळखलं नाही. शेवटच्या बाकावर बसत असेल.

कुणाकडून उतरवलंस, विचारलं. "न्हाय उतरवलं, सर." दोनदा तेच. मी दोन्ही पेपर दुरून दाखवले. ती बघत राहिली, आणि मग तिने विचारलं, "दुसरा पेपर कुणाचा हाय, सर?"

ते गोपनीय आहे, असं सांगितलं. दुसरं काय सांगणार होतो?

म्हातारी मध्येच बोलली. "सायेब, तिनं कुनाचं बगितलं न्हाय. ही वाट माज्या पायाखालची हाय. कुठं पानी, कुठं मुक्काम, कुठं कुनी हाकललं, समदं म्या सांगितलं. तिनं लिवलं. दुसऱ्या कुनाला कसं ठावं आसंल?"

नेमका हाच मुद्दा आहे, मी म्हणालो. दुसऱ्याला कसं ठाऊक?

कबुलीचा कागद पुढे केला. तिने सही केली नाही. तेव्हा मी थोडा आवाज चढवून म्हणालो की चौकशी पूर्ण होईपर्यंत पुढच्या पेपरला बसता येणार नाही. तिचा एकच राहिलाय, अर्थशास्त्र, २ मे. तसा नियम असेलच. नसला तरी घाबरून खरं बोलेल, हा हेतू.

ती आजीचा हात धरून जिना उतरली. म्हातारी प्रत्येक पायरीला थांबत होती. काठीचा आवाज खालपर्यंत ऐकू येत होता.

३० एप्रिल, गुरुवार

मन लागत नाही. पेपर राहिलेत अकरा, ते जेवणाआधी उरकले. सगळ्यांना साधारण बरोबरच पडले असतील.

राजेश्वरीने विचारलं, "पेपरला बसू नको म्हणायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?" मी म्हणालो, अधिकार आणि जबाबदारी यांत फरक असतो. ती म्हणाली, "म्हणजे नाही दिला."

मुलीच्या नंबरवरून आज चार फोन आले. उचलले नाहीत. पुरावा दाखल होण्याआधी आरोपीशी बोलणं योग्य नव्हे. चौथा फार वेळ वाजला.

शेळगावचा एक पालक स्टँडवर भेटला. म्हणाला, "मेंढक्याची पोरगी कापी करताना घावली म्हनं?" गावभर झालंय तर. मी ग्रुपवर नाव लिहिलं नव्हतं. फक्त गाव लिहिलं होतं.

१ मे, शुक्रवार

झेंडावंदन. प्राचार्य आले होते. राष्ट्रगीत संपल्यावर सगळ्यांशी बोलले, माझ्याजवळ आले तेव्हा एवढंच: "खारतोडे सर, उद्या अकराला या. सर्क्युलर घेऊन या."

सर्वांसमोर बोलायचं टाळलं. प्रकरण मोठं आहे हे त्यांना कळलंय. मुलीला आपण पेपरला बसू नको म्हटलंय हे तिथेच सांगायचं होतं, पण पेढे वाटत होते. उद्या सांगतो.

इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला. सर्क्युलर सापडलं. वाचायची गरज नाही.

२ मे, शनिवार. दुपारी ४

जसं झालं तसं लिहितो.

खोलीत प्राचार्य, अनिता मॅडम आणि इंदापूरहून आलेले एक बाहेरचे परीक्षक. दाराशी म्हस्कू, रजिस्टर घेऊन. प्राचार्यांनी मला सर्क्युलरचं दुसरं पान मोठ्याने वाचायला लावलं. परिच्छेद चार. परीक्षक स्वतःशी तरी सुसंगत आहे का हे बघण्यासाठी पाच उत्तरपत्रिका दुसऱ्या हस्ताक्षरात जशाच्या तशा उतरवून, खोटा बैठक क्रमांक घालून, गठ्ठ्यात मिसळल्या जातील.

वाचून झाल्यावर पाणी मागितलं.

६१ आणि पाच, ६६.

मग बाहेरच्या सरांनी तक्ता वाचला. एकाच पेपरला मी दिलेले गुण, पहिल्यांदा आणि दुसऱ्यांदा. एकवीस, पंधरा. नऊ, चौदा. सतरा, बावीस. सोळा, अकरा. तेरा, अठरा. अनिता मॅडमचा फरक कुठेच एकापेक्षा जास्त नाही. वैष्णवीच्या तिसऱ्या प्रश्नाला त्यांनी दोन्ही वेळा सात दिले होते. बाहेरच्या सरांनीही सात.

मी म्हणालो, त्या दिवशी लाईट नव्हती. कुणी लिहून घेतलं नाही. मी म्हणालो, डबाही नव्हता.

प्राचार्यांनी विचारलं, मुलीला बोलावून तुम्ही काय सांगितलंत? मी सांगितलं. त्यांनी घड्याळाकडे बघितलं. मीही बघितलं. अकरा वाजून वीस मिनिटं. अर्थशास्त्राचा पेपर साडेदहाला सुरू झाला होता. अर्धा तास झाला की आत घेत नाहीत. शेळगावहून यायला तास लागतो.

प्राचार्य म्हणाले, "म्हस्कू, गैरहजेरी."

म्हस्कूच्या हातात चिठ्ठी आधीपासूनच होती. "येकच हाय, सर," तो म्हणाला, आणि ती माझ्यापुढे ठेवली.

मॅडमनी लगेच फोन लावला. तिकडे उचलला नाही.

४ मे, सोमवार

मेमो आला. तपासणीच्या सगळ्या कामातून मला कमी केलं. माझा तक्ता रद्द, सगळे पेपर बाहेरचे सर पुन्हा बघणार. हे सूडबुद्धीचं वाटू शकतं. मॅडम तरुण आहेत, त्यांना जागा हवी आहे. शिवाय सत्तावीस वर्षांच्या माणसाला पाच पेपरवर मोजायचं, हेच मुळात शास्त्रीय नाही.

उत्तर लिहायला घेतलं. सात पानं झाली. हस्ताक्षराचा मनावर होणारा परिणाम, उष्णता, वीजपुरवठा, सर्क्युलरची क्लिष्ट भाषा, सगळं मुद्देसूद. राजेश्वरीला वाचायला दिलं. तिने सगळं वाचलं, शेवटचं पान उलटून मागेही बघितलं.

म्हणाली, "यात त्या पोरीचं नाव कुठंय?"

५ मे, मंगळवार

गेल्या वर्षीचे तीन अर्जही बाहेर काढले. ते पेपर पुन्हा तपासले. वैष्णवी त्यांत नव्हती. तिघांपैकी दोघांना मी नापास केलं होतं, ते पास निघाले. एकाला कळवलं. दुसरी मुलगी कॉलेज सोडून गेली, तिचा पत्ता ऑफिसकडे नाही. फोन लागत नाही.

त्याआधीची सव्वीस वर्षं अजून कुणी काढलेली नाहीत. ते पेपर आता शिल्लकही नसतात. ही एक दिलाशाची गोष्ट आहे असं सकाळी वाटलं होतं.

सात पानं पाकिटात आहेत. पाठवलेली नाहीत. भाषा थोडी नीट करायची आहे.

६ मे, बुधवार

परीक्षा समितीने ठरवलं: वैष्णवीचा अर्थशास्त्राचा खास पेपर १५ मे ला. तसं पत्र निघालं. मॅडमचे आणि ऑफिसचे फोन ती उचलत नाही, म्हणून कुणीतरी हातात नेऊन द्यायला हवं. मी म्हणालो, मी जातो. मोठेपणा दिसेल. प्राचार्य म्हणाले, पत्र द्या, पोच घ्या, जास्त बोलू नका.

बोलायचं काय ते रात्रभरात ठरवून ठेवीन. प्रशासकीय गैरसमज झाला, हा शब्द चांगला आहे.

७ मे, गुरुवार. संध्याकाळी

शेळगाव. कॅनॉलच्या अलीकडे दोन खोल्या, पत्रा, पुढे ऊस. मोटरसायकल दारातल्या वाटेवर लावली. बानूबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. मला ओळखलं. या म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत. थोड्या वेळाने आत बघून म्हणाल्या, "च्या टाक गं. कालिजातलं आल्यात."

वैष्णवी चहा घेऊन आली. मी उभा राहिलो. का, ते माहीत नाही. प्रशासकीय गैरसमज, एवढं म्हणालो आणि पुढचं आठवेना. मग सांगितलं की दुसरा पेपर कुणाचाच नव्हता. तिचाच होता, कॉलेजने मला तपासण्यासाठी उतरवून ठेवला होता.

म्हातारीने विचारलं, "मग मास्तर, तिला खरं किती मार्क पडायला पायजेल हुतं?"

सात, मी म्हणालो.

"आन् तुमी किती दिलं?"

एकदा तीन. एकदा आठ.

"म्हंजी दोन्ही बारीला चुकलंच की."

मी पत्र पुढे केलं. मुलीने ते पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत वाचलं, मग पुन्हा पहिल्यापासून. पोचेवर सही केली. तेच मुंग्यांचं अक्षर.

"भूगोलाचं?" तिने विचारलं.

सतरा. पास.

"गावात सगळ्यास्नी म्हायती झालंय, सर. ते कोन सांगनार?"

मी म्हणालो, कॉलेज पत्र काढेल. ग्रुपवर मी स्वतः लिहीन. नाव घालून... म्हणजे माझं नाव घालून. ती माझ्याकडे बघत होती. आत्ता लिहितो, म्हणालो, आणि तिथेच उभ्याने लिहिलं. चार ओळी. पाठवलं. तिला दाखवलं. तिने तेही पूर्ण वाचलं.

"अर्थशास्त्राचा पेपर कोन तपासनार?"

अर्थशास्त्राचे सर. आणि अजून एक बाहेरचे. माझा संबंध नाही.

"नक्की?"

नक्की.

"मग येते पेपरला," म्हणाली, आणि कप उचलून आत गेली.

मी थांबलो. अजून काहीतरी राहिलंय असं वाटत होतं, तिच्याकडून किंवा माझ्याकडून. बानूबाईंनी काठी टेकून बाहेर बघितलं.

"मास्तर, गाडी तेवडी काडा वाटंतनं. शेरडं यायची झाली."

काढली.